स्लो-पिच लीग: होमरनची मर्यादा किती ठेवावी आणि नियम कसा लिहावा?

हंगामप्रमुख
पुढच्या हंगामासाठी हौशी स्लो-पिच (हळू, कमानीत चेंडू टाकायच्या सॉफ्टबॉलच्या) लीगची नियमावली नव्याने लिहायला घेतली आहे. आठ संघ, सात इनिंग, कुंपण दोन्ही बाजूंना 275 फूट आणि मध्यभागी 300. आत्तापर्यंत होमरनवर मर्यादा नव्हती. त्यामुळे दोन तगडे संघ एकेका इनिंगमध्ये पाच-सहा चेंडू कुंपणापार घालवतात, फिल्डर नुसते बघत राहतात आणि तिसऱ्या इनिंगलाच सामना संपल्यात जमा होतो. मर्यादा आणायची हे ठरलंय. अडलंय ते तीन गोष्टींवर: एका संघाला सामन्यामागे किती होमरन द्यावेत? त्यापुढच्या होमरनला बॅटर आउट की सिंगल (एकच बेस)? आणि 'वन-अप', म्हणजे मर्यादेनंतर समोरच्या संघापेक्षा एकच होमरन पुढे जाण्याची मुभा, ठेवावं का?

प्लेटमागून
आकडा सगळ्यात शेवटी ठरवा. मैदानावर वाद होतो तो 'हा धरायचा की नाही' यावरून. म्हणून आधी व्याख्या पक्की लिहा. फेअर हद्दीत (दोन्ही फाउल रेषांच्या आत), टप्पा न पडता आणि फिल्डरला न लागता कुंपणापलीकडे गेला तोच चेंडू मर्यादेत धरायचा. कुंपणाच्या उंचीच्या वर फाउल पोलला (रेषेच्या टोकाला कुंपणाजवळ उभ्या खांबाला) लागलेला चेंडू होमरनच, तोही धरायचा. पळून काढलेला इनसाइड-द-पार्क धरायचा नाही. टप्पा पडून बाहेर गेला तर दोन बेस, त्याचा मर्यादेशी संबंध नाही.

खरी गोची ग्लव्हला लागून पलीकडे जाणाऱ्या चेंडूची. यूएसए सॉफ्टबॉल या अमेरिकी संघटनेच्या नियमात असा चेंडू फेअर हद्दीतून गेला तर बॅटरला चार बेस मिळतात, पण तो होमरनच्या हिशेबात येत नाही. फाउल हद्दीतून गेला तर दोन बेस. तुम्हीही हेच ठेवा आणि सगळ्या कर्णधारांना समजावून सांगा, कारण खेळ इथे बदलतो. समोरच्या संघाचा कोटा संपलाय, चेंडू कुंपणावरून जातोय आणि तुमच्या आउटफिल्डरने उडी मारून त्याला नुसता हात लावला, तर आयता मिळणारा आउट जातो आणि चार बेस द्यावे लागतात. अशा वेळी चेंडू सोडून द्यायचा असतो.

कोट्यापुढच्या होमरनचा नियम एका वाक्यात: 'चेंडू डेड, बॅटर आउट, सर्व रनर मूळ बेसवर.' 'चेंडू डेड' हे शब्द गाळू नका. ते नसले की तिसऱ्या बेसवरचा रनर टॅग-अप करून (झेलबादनंतर बेसला पाय लावून सुटतात तसं) धाव घेतो आणि अंपायरकडे उत्तर नसतं.

आकडेवही
आता पर्यायांबद्दल. 'सिंगल' हा पर्याय दयाळू वाटतो, पण मर्यादेचा धाकच जातो. तिसऱ्या बेसवर रनर असला की तो सिंगल म्हणजे हमखास धाव, मग ताकदीचा बॅटर कशाला हात आवरेल? 'इनिंग संपली' हा दुसरा टोकाचा पर्याय. चांगली रंगलेली इनिंग एका जोरदार फटक्यावर बंद पडते आणि त्या बॅटरवर सगळा संघ चिडतो. हौशी लीगला आउटच बरा.

वन-अप असं चालतं. समजा मर्यादा 2. दोन्ही संघांचे 2-2 झाले. आता 'अ' संघाने तिसरा मारला तर चालतो, तो एकने पुढे. पण 'ब' संघाचा तिसरा होईपर्यंत 'अ'चा चौथा म्हणजे आउट. 'ब'ने तिसरा मारला की बरोबरी, पुन्हा कोणीही एकने पुढे जाऊ शकतो. संघ तुल्यबळ असले तर यात मजा आहे. मात्र शेवटच्या इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात यजमान संघ एकने पुढे गेला तर पाहुण्यांना उत्तर द्यायला बॅटिंगच उरत नाही. म्हणून त्या अर्ध्या इनिंगपुरतं लिहायचं: यजमान संघाला फक्त बरोबरी करता येईल.

तुमच्यासारख्या, दोन तगडे आणि सहा साधे संघ असलेल्या लीगमध्ये मी वन-अप ठेवणार नाही. साधा संघ दोनपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे नियमाचा उपयोग त्या दोघांच्या आपसातल्या सामन्यापुरताच, आणि स्कोअररच्या डोक्याला ताप मात्र रोजचा. सामन्यामागे संघाला सरळ 3 ठेवा. 275 फुटांच्या कुंपणाला तेवढे पुरेत.

बॅटबॅग
चेंडू आणि बॅट बांधल्याशिवाय 3 काय नि 5 काय, आकड्याला अर्थ नाही. चेंडूवर 52/300 असं छापलेलं असतं. पहिला आकडा उसळीचा, म्हणजे सीओआर 0.52. दुसरा कडकपणाचा: चेंडू पाव इंच दाबायला 300 पाउंड जोर लागतो. तीच बॅट 44/375 वर वेगळी वागते, कारण चेंडू कडक असला की बॅटची भिंत जास्त दबते आणि जास्त जोराने परत उसळते. तेव्हा चेंडू लीगनेच द्यायचे, एकाच छापाचे, प्रत्येक सामन्याला नवे. संघांनी आपापले आणले की एका इनिंगला दगड आणि दुसऱ्या इनिंगला लोणी. तापमानही बघा. थंडीत चेंडू कडक होतो आणि कॉम्पोझिट (धातूऐवजी तंतू-राळेच्या थरांच्या) बॅटला तडे जातात. उन्हात तापलेल्या गाडीत पेटी राहिली तर चेंडू मऊ पडून फटके आखूड होतात.

बॅटसाठी मान्यताप्राप्त यादी आणि शिक्का या दोन्ही गोष्टी सक्तीच्या करा, पण शिक्का बघून थांबू नका. कॉम्पोझिट बॅट वापराने सैल होत जाते आणि मुळापेक्षा जास्त मारते. काही जण आतून भिंत तासून घेतात. सामन्याआधी बॅट हातात घेऊन टोकाची टोपी बघा: कडेला ताजा गोंद, पान्याच्या खुणा, टोपी किंचित वाकडी बसलेली, तर ती उघडली गेली आहे असं समजून बॅट बाजूला ठेवायची. मग कानाजवळ हलवा, आत काही खुळखुळतंय का ऐका. शेवटी बॅरलवर, म्हणजे बॅटच्या जाड भागावर, नख फिरवा. नख अडलं तर तडा आहे. बॅटची भिंत किती दबते ते मोजणारा कॉम्प्रेशन टेस्टर मिळाला तर उत्तमच.

मधला पट्टा
पिचरचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. कोटा संपला की बॅटर उंच मारणं सोडतात आणि सपाट, मधून मारायला लागतात. पिचिंगचं अंतर 50 फूट. चेंडू ताशी 98 मैल वेगाने आला तर पिचरकडे 0.35 सेकंद, तेही फेकल्यावर पुढे न झुकता उभा राहिला तर. मर्यादा आणताना हा धोका आपणच वाढवतोय, तेव्हा उपायही त्याच नियमावलीत हवा. पिचरला मास्क सक्तीचा करा आणि पिचरच्या प्लेटच्या (जिथून फेकतात त्या पट्टीच्या) 6 फूट मागून फेकण्याची मुभा द्या. त्याने वेळ जवळपास 0.39 सेकंद होतो. 'मधून मारायचं नाही' असा नियम करू नका. फटका मुद्दाम होता की चुकून, हे अंपायरला ठरवता येत नाही.

हंगामप्रमुख
मास्क आणि 6 फूट दोन्ही घेतो. शेवटचं: होमरनवर सगळ्यांनी बेस पळून पूर्ण करायचे की नाही? वेळ फार जातो. आणि मोजणी कोणाकडे?

प्लेटमागून
'हिट अँड सिट' ठेवा. चेंडू कुंपणापलीकडे गेला की बॅटर आणि रनर थेट बेंचवर, धावा लिहायच्या. बेस चुकल्याचं अपीलही मग उरत नाही. ग्लव्हला लागून गेलेल्या चेंडूलाही हेच लागू, असं स्पष्ट लिहा.

आकडेवही
मोजणी अंपायरच्या तोंडी आणि दोन्ही स्कोअररच्या वहीत. होमरन झाला की अंपायरने मोठ्याने 'अ संघ, दोन' म्हणायचं आणि दोघांनी संघाच्या नावापुढच्या चौकटीत खूण करायची. खुणा जुळत नसतील तर पुढचा चेंडू टाकण्याआधीच हरकत घ्यायची, त्यानंतर अंपायरने पुकारलेला आकडा कायम.