प्लँटारम की पेंटोसस? १६एस जनुकावरून निर्णय होत नाही

प्रश्न: आंबवलेल्या इडलीच्या पिठातून वेगळ्या केलेल्या एका लॅक्टोबॅसिलस जिवाणूच्या १६एस आरआरएनए जनुकाचे (जिवाणू ओळखण्यासाठी नेहमी वापरले जाणारे जनुक) सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएक्रमाचे वाचन, करून घेतले असता, ते प्लँटारम आणि पेंटोसस या दोन्ही प्रजातींशी ९९ टक्क्यांहून अधिक जुळले. प्रबंधात नाव कोणते लिहावे?

उत्तर १: आपल्या कामात चूक नाही. सुमारे १,५०० बेसजोड्यांचे (बेसजोडी म्हणजे डीएनएची लांबी मोजण्याचे एकक) हे १६एस जनुक या गटात इतके सारखे आहे की त्यावर प्रजातीचा निर्णय सोपवणेच गैर आहे. त्याऐवजी रेकए या दुसऱ्या जनुकावरील मल्टिप्लेक्स पीसीआर (एकाच नळीत अनेक प्रायमरजोड्या घालून डीएनएच्या ठरावीक तुकड्यांच्या प्रती काढणे) करावा. त्यात प्लँटारमचा पट्टा ३१८, पेंटोससचा २१८ आणि पॅराप्लँटारमचा १०७ बेसजोड्यांचा येत असल्याने दोन टक्के अ‍ॅगरोजच्या जेलवर तिन्ही सहज वेगळे दिसतात. मात्र प्रायमर (प्रत काढणे सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) एकमेकांना चिकटून तयार होणारी धुरकट रेषाही जेलच्या तळाशीच येते आणि नवख्याला ती १०७ चा पट्टा वाटते (माझी तशी फसगत झालेली आहे), म्हणून डीएनएविरहित नमुना शेजारच्या खाचेत अवश्य चालवावा.

उत्तर २: वरील सूचना योग्यच आहे, परंतु २०२० च्या पुनर्वर्गीकरणानंतर या गटाच्या प्रजातींची नावे बदललेली नसून त्यांचा प्रवर्ग, म्हणजे जीनस, लॅक्टोबॅसिलसऐवजी लॅक्टिप्लँटिबॅसिलस झाला आहे, हे नाव लिहिताना ध्यानात घ्यावे. शिवाय आतड्यासाठीची उपयुक्तता स्ट्रेनगणिक (स्ट्रेन म्हणजे एकाच प्रजातीतील वेगळा वाण) बदलते. ती सांगायची असल्यास संपूर्ण जीनोम वाचून घ्यावा लागेल.

प्रश्नकर्ता: डीएनए शिल्लक आहे, रेकएचे प्रायमर आजच मागवतो.