मदत हवी आहे: प्लॅनेटरी गिअरबॉक्स, ३५० हर्ट्झला पीकच येत नाहीय

नमस्कार मंडळी, घर वास्कोला, फायनल इयर मेकॅनिकल. नेव्हीची हेलिकॉप्टरं लहानपणापासून डोक्यावरून जातात त्यामुळे हे खूळ, प्रोजेक्टचं नाव हेलिकॉप्टर गिअरबॉक्सचं व्हायब्रेशन असं दणदणीत, आणि टेबलावर आहे एक मोटर नि चिमुकला प्लॅनेटरी गिअरबॉक्स.

दाते असे: सन (मधला, मोटरला जोडलेला) २०, प्लॅनेट (त्याच्याभोवती फिरणारे) २५ चे तीन, रिंग (बाहेरची, आतून दाते असलेली) ७० ची आणि फिक्स. मोटर १३५० आरपीएम, म्हणजे कॅरियरचे (प्लॅनेट धरून फिरणाऱ्या चौकटीचे) सेकंदाला ५ फेरे, मेश फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती दाते एकमेकांत बसतात) ७० गुणिले ५, ३५०. पण एफएफटी (कंपनाची फ्रिक्वेन्सीनुसार फोड) काढला की ३५० ला सपाट मैदान, ३४५ ला भलामोठा पीक (शेतातलं नव्हे) आणि ३६० ला जरा लहान. अंतरसुद्धा दोन्हीकडे सारखं नाही! व्होल्टेज वरखाली होतंय म्हणून टॅकोने स्पीड बघितला, तो ठीक. व्हायब्रेशनचा सेन्सर मेणाने चिकटवलाय, केसिंग तापलं की हळूच खाली घसरतो, मग सगळं पाप त्याच्या माथी मारलं. सर म्हणतात रीडिंग परत घे, चारदा घेतलं, चवथीआधी रिपोर्ट द्यायचाय. सेन्सर गेलाय का?

जुना फिटर: सेन्सर धडधाकट आहे रे. ७० ला ३ ने भाग जात नाही ना, म्हणून तिन्ही प्लॅनेट रिंगमध्ये एकाच वेळी दात घालत नाहीत, एकेक तृतीयांश दात मागेपुढे असतात, आणि ३५० ला एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात ते ३ च्या पटीतले, ७० च्या जवळचे ६९ आणि ७२. पाचाने गुणून बघ. रिंग ७२ ची असती तर पीक बरोब्बर मेश फ्रिक्वेन्सीवरच मिळाला असता. उलट उद्या एखाद्या प्लॅनेटवर लोड कमीजास्त झाला तर ही काटाकाटी बिघडून ३५० डोकं वर काढेल, तेव्हा काळजी कर. मेण मात्र टाक, फेविक्विक लाव.

धागाकर्ता: काका, चार दिवस डोकं फोडत होतो, सरांनाही दाखवतो! मग प्लॅनेटला क्रॅक गेला तर असाच पकडता येईल?

जुना फिटर: तिथेच गोम आहे. २०१६ मध्ये नॉर्वेला सुपर प्युमा हेलिकॉप्टरचा रोटर हवेतच सुटला, १३ माणसं गेली, कारण प्लॅनेट गिअरचा फटीग क्रॅक (पुन्हापुन्हा लोड पडून गेलेला तडा). त्या गिअरची आतली बाजू हीच बेअरिंगची रेस (रोलर धावतात ती वाट) असते, क्रॅक तिथून सुरू होऊन आतल्या आत वाढला. व्हायब्रेशनवर लक्ष ठेवणारी सिस्टीम बसवलेली होती, तिने हूं की चूं केलं नाही. प्लॅनेट सारखा फिरत राहतो आणि सेन्सर बाहेर केसिंगवर, मधे बेअरिंग, तेल, बाकीच्या गिअरांचा गोंगाट. तू टॅकोचा पल्स कॅरियरच्या शाफ्टला लाव, पाच-पाच फेऱ्यांचे तुकडे कापून अ‍ॅव्हरेज काढ (एकेका फेरीत प्लॅनेटचे पूर्ण फेरे बसत नाहीत, पाचात १४ बसतात), आणि प्लॅनेटच्या, कॅरियरच्या मानाने फिरण्याच्या, १४ हर्ट्झवर नजर ठेव.

धागाकर्ता: १४ म्हणजे ७० गुणिले ५ भागिले २५, बरोबर? आणि ५० फेऱ्यांचा, म्हणजे १० सेकंदांचा डेटा पुरेल का? लॅपटॉप त्यापुढे हँग होतो.