आमदारांचे शिक्षणकार्य वर्गखोल्यांत मोजायचे की विधिमंडळात?

ऐरोलीकर

निवडणुकीच्या तोंडावर घरोघरी येणाऱ्या कार्यअहवालात शिक्षणाचे पान ठरलेले असते: आमदार निधीतून पालिकेच्या शाळेला दिलेली बाके आणि संगणक, दहावीच्या गुणवंतांचा सत्कार, वह्यावाटप. ही कामे वाईट नाहीत, पण ती नगरसेवकही करू शकतो. कायदा करणे आणि सरकार त्याला बगल देत असेल तर सभागृहात जाब विचारणे हे मात्र आमदाराचेच काम, आणि त्याचा हिशेब आपण कधी मागत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्या लागतात. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने नियमच बदलले, आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या बंधनातून मोकळे केले. नवी मुंबईसारख्या दाट वस्तीत याचा अर्थ काय होतो, ते मी शेजारी घरकाम करणाऱ्या मावशींच्या नातीचा अर्ज भरताना पाहिले. नकाशावर घराची खूण केली, तर आदल्या वर्षी दिसणाऱ्या खासगी शाळा यादीतून गायब झालेल्या होत्या. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या, मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. कायद्याचे कलम ३८ सांगते की राज्याने केलेला प्रत्येक नियम विधिमंडळासमोर ठेवला पाहिजे. आपापल्या आमदारांनी या नियमावर सभागृहात काय भूमिका घेतली, हे येथील किती जणांना सांगता येईल?

कळव्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका

न्यायालयाचा निकाल मलाही योग्यच वाटतो. परंतु ‘नगरसेवकही करू शकतो’ हे वाक्य आपण फार सहज लिहून गेलात. नवी मुंबई पालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये, आणि पुढे कित्येक वर्षे दोन्हीकडे नगरसेवकांऐवजी सरकारने नेमलेले प्रशासक होते. त्या काळात मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही म्हणून मी लिहिलेले पत्र शिक्षण विभागाकडून अभियंता विभागाकडे आणि तेथून ‘निधीअभावी’ असा शेरा घेऊन परत येत असे. शेवटी आमदारांच्या कार्यालयातून दूरध्वनी गेला, तेव्हा टाकी बसली. सातवीतल्या मुलीने शाळा सोडू नये यासाठी सभागृहातल्या लक्षवेधी सूचनेपेक्षा (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधण्यापेक्षा) ती टाकी आधी हवी होती.

वाशीचा माध्यमिक शिक्षक

चर्चा विधानसभेपुरतीच चालली आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत, आणि ठाणे जिल्हा कोकण शिक्षक मतदारसंघात येतो. टप्पा अनुदान (शाळांना टप्प्याटप्प्याने वाढत मिळणारे वेतन अनुदान), जुनी निवृत्तिवेतन योजना, संचमान्यता (पटसंख्येनुसार शिक्षकपदांची मंजुरी) हे विषय तेथील सदस्य सातत्याने मांडतात, आणि त्यावर ‘शिक्षकांच्या पगारापलीकडे यांना काही दिसत नाही’ अशी टीका ठरलेली असते. वर्षानुवर्षे २० टक्के अनुदानावर राबणाऱ्या माणसाचे पोट हाही शिक्षणधोरणाचाच विषय नाही काय?

ऐरोलीकर

सर, विषय आहेच. पण त्या मतदारसंघात मत कोणाला आहे, तेही पाहा. राज्यघटनेच्या कलम १७१ प्रमाणे माध्यमिक वा त्यावरच्या संस्थेत शिकवणाऱ्यांनाच. पालिकेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिकेला तेथे मत नाही आणि तिच्या वर्गातल्या मुलांच्या पालकांनाही नाही, त्यामुळे ज्यांना मत आहे त्यांचेच प्रश्न पुढे सरकतात. हा दोष त्या सदस्यांचा नसून रचनेचा आहे, हे मला मान्य आहे.

घोडबंदरचा पालक

सभागृहात काम झाले म्हणजे ते पालकांच्या हिताचेच झाले, हे गृहीतकच मला पटत नाही. शुल्क नियमन कायदा २०११ चा, आणि तो सभागृहानेच मंजूर केला. त्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, तीही सभागृहातूनच, आणि तिच्यामुळे शुल्कवाढीविरुद्ध दाद मागायला किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. आमच्या इमारतींच्या गटात तक्रारी सगळेच करतात, पण सहीचा कागद फिरवला की ‘मुलाला त्याच शाळेत पुढची वर्षे काढायची आहेत’ म्हणून माणसे मागे सरतात. अशा दुरुस्तीपेक्षा वह्यावाटप परवडले!

ऐरोलीकर

म्हणूनच तर त्या दुरुस्तीच्या वेळी कोण काय बोलले, हे पाहायला हवे. विधिमंडळाचे कामकाज छापले जाते आणि ते वाचता येते. पुढच्या अधिवेशनासाठी आमच्या आमदारांकडे मी एका तारांकित प्रश्नाचा (मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायच्या प्रश्नाचा) मसुदा देणार आहे: २५ टक्के प्रवेशांपोटी सरकारने शाळांना द्यायच्या प्रतिपूर्तीची, म्हणजे शुल्काच्या भरपाईची, थकबाकी जिल्हानिहाय किती, आणि ती कधी फेडली जाईल? शाळा पालकांना दारातूनच परत पाठवतात, तेव्हा सबब हीच सांगतात.

कळव्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका

मसुदा आधी येथे टाका. पालिका शाळांतील स्वच्छतागृहांच्या पाण्याचा उपप्रश्न मी जोडून देते. मंत्र्यांचे लेखी उत्तर आले, तर तो कागद घेऊन अभियंता विभागात मी स्वतः जाईन.