ऐक्य सप्ताहात चार मंडळ्यांची एकत्र उपासना: प्रभुभोजन ठेवावं का?

पायरीचा_दगड:
जय ख्रिस्त. 18 ते 25 जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात आमच्या शहरातल्या कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट आणि मारथोमा (केरळातलं सुधारित सिरियन चर्च) मंडळ्या एका संध्याकाळी एकत्र उपासना करणार आहेत. जागा कॅथलिक चर्चची. तरुण म्हणतात, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षरस घेण्याचा विधी) एकत्र नसेल तर ऐक्य कसलं? काय करावं? क्रम कसा लावावा?

दिवेलागण:
प्रभुभोजन नको. मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनासहची उपासना) ठेवला तर कॅथलिक धर्मसंहितेच्या 844व्या कलमानुसार बाकीच्या तिन्ही मंडळ्यांच्या लोकांना साधारणपणे कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, देता येत नाही, आणि कॅथलिकांनाही त्या मंडळ्यांच्या पाळकांच्या हातून ते घेता येत नाही. शिवाय मिस्सातलं प्रवचन फादर किंवा डीकननेच करायचं असतं. म्हणजे पाहुणे पाळकसाहेब ना बोलणार, ना भोजन घेणार, नुसते पुढच्या बाकावर बसणार. वचनाची उपासना (बायबलवाचन, प्रवचन, प्रार्थना; प्रभुभोजन नाही) ठेवली की दोन्ही अडचणी मिटतात. तरुणांना हे फादर आणि पाळकांनी मिळून आधीच सांगावं. ऐनवेळी कुणाला रांगेतून परत पाठवणं सगळ्यात वाईट.

त्याऐवजी बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी करा, तो तुमच्यात सामायिक आहे. पाणी मात्र शिंपडू नका. पुन्हा बाप्तिस्मा दिला असा गैरसमज होतो. घंगाळ ठेवा, ज्याला वाटेल तो बोट बुडवील.

पेटीवाला:
सव्वा तासात बसवा. गीत, पश्चात्तापाची प्रार्थना, स्तोत्र, दोन पाठ, प्रवचन, विश्वासांगीकार, मध्यस्थीच्या प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, शांतीची खूण, आशीर्वाद. स्वागत यजमान फादरनी करावं, प्रवचन दुसऱ्या मंडळीच्या पाळकांना द्यावं, 12 मिनिटं. चौघांनाही 'दोन शब्द' दिलेत की उपासनेची सभा झालीच म्हणून समजा.

पाठ योहान 17:20-23 आणि इफिसकरांस 4:1-6 घ्या. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं, प्रॉटेस्टंट बायबलात 66; जादाच्या सातांतला उतारा निवडलात तर अर्ध्या लोकांना तो सापडणारच नाही. नायसियन विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचं जुनं सामायिक निवेदन) म्हणणार असाल तर इ.स. 381चा पाठ छापा. पवित्र आत्म्याबद्दलच्या ओळीतले 'आणि पुत्रापासून' हे शब्द पश्चिमेकडच्या चर्चमध्ये नंतर आले, मारथोमा ते म्हणत नाहीत. प्रभूची प्रार्थनाही पूर्ण छापा. नाहीतर कॅथलिक 'वाइटापासून सोडव'पाशी थांबतात, बाकीचे 'कारण राज्य, सामर्थ्य...' म्हणत पुढे जातात आणि निम्मं चर्च गप्प.

गीतं चारच. ना. वा. टिळकांची भजनं हवीतच (1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही पंथांपलीकडची बंधुसंगत काढणारा माणूस पंथांच्या कुंपणात मावणारा नव्हता). एकाच भजनाची चाल मंडळीगणिक बदलू शकते, म्हणून सर्वांच्या गायकांना घेऊन किमान दोन तालमी करा.

संत्रानगरी:
क्रम ठीक, पण तरुणांचा प्रश्न झटकू नका. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झाली, तिची बोलणी 1929 पासून चालू होती. बिशप हवेत का, बाप्तिस्मा बाळपणी की जाणत्या वयात, यावर गाडी अडत होती. शेवटी बिशप ठेवले, दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले आणि कुणाची पाळकपदाची दीक्षा खरी हा वाद टाळायला सर्व पाळकांच्या एकीकरणाचा विधी केला. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी मात्र ऐनवेळी बाहेर राहिली, ब्रिटिश परंपरेची आत आली. तुमच्याकडे सीएनआय आणि मेथडिस्ट वेगळे का, याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

आणि सीएनआय व मारथोमा यांच्यात प्रभुभोजन एकमेकांकडे चालतं. त्या दोघांनी सप्ताहात दुसऱ्या दिवशी ते जरूर ठेवावं, कॅथलिक चर्चमध्ये नको.

पायरीचा_दगड:
आभार. अर्पणाचं काय? कुणाच्या खात्यात?

दिवेलागण:
यावरूनच पुढच्या वर्षी लोक येईनासे होतात. रक्कम चारही मंडळ्यांबाहेरच्या एखाद्या कामाला द्यायची, हे पत्रिकेवरच छापा. दोन वेगळ्या मंडळ्यांच्या माणसांनी तिथेच मोजून सह्या कराव्यात आणि पावतीची प्रत पुढच्या रविवारी चारही फलकांवर लावावी.