मदत हवी आहे: स्टॉकहोमचा जून, सासूबाई आणि पाच वर्षांचा लेक

नमस्कार मंडळी,
धागा चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही स्टॉकहोमला भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. सासूबाई साताऱ्याहून आल्यात. सध्या इथे सूर्य साडेतीनला उगवतो, रात्री दहानंतर मावळतो, आणि मधेही मिट्ट काळोख असा होतच नाही. उजाडल्यावर अंथरुणात लोळायचं नाही, हा आईंचा जन्माचा नियम. त्यामुळे साडेतीनला पांघरुणाची घडी, चहाचं आधण, आणि आलं ठेचल्याचा आवाज ऐकून लेकही टुणकन उठतो. संध्याकाळी सातला घड्याळ बघून सांजवात लावतात, बाहेर लख्ख ऊन! आठला पडदा ओढून त्या गाढ झोपतात. लेक मात्र दहापर्यंत "अजून दिवस आहे" म्हणून खिडकीत. बालवाडीत दिवसभर किरकिरा असतो.

आधी जेटलॅग वाटला. पण साडेतीन तासांचा फरक एवढे दिवस कसा टिकेल? थोडं वाचल्यावर ट्यूब पेटली. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी निळसर उजेड टिपून मेंदूतल्या मुख्य घड्याळाला दिवस-रात्र कळवतात. संध्याकाळी-रात्री उशिरा उजेड मिळाला की झोप पुढे ढकलली जाते, पहाटे मिळाला की झोप आणि जाग दोन्ही अलीकडे येतात. आता इथले साडेतीन म्हणजे भारतातले सात. म्हणजे आईंना रोज साताऱ्याच्याच वेळेला सकाळ मिळतेय. आणि संध्याकाळचं जे ऊन त्यांना इथल्या वेळेवर आणेल, ते त्या पडद्याआड घालवतात. लेकाचं बरोब्बर उलटं. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग स्वच्छ असतं, बाहुली मोठी, म्हणून उजेडाचा परिणामही जास्त. त्याला सातपासून अंधार हवा, आईंना त्याच वेळी उजेड. खोल्या दोन, आणि नातू आजीला सोडत नाही.

आईंना डोळ्यांवरची पट्टी देऊन पाहिली. "माझं काय मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय?" विषय संपला. ब्लॅकआउट पडदे आहेत, पण कडेच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या थेट उशीवर येतात.

तर प्रश्न:

आईंना सात ते नऊ बाहेर फिरायला नेलं तर पुरेसं होईल का? ढगाळ असलं तरी बाहेर हजारो लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, घरातल्या दिव्याखाली फार तर दोन-तीनशे, म्हणून घरात बसवून भागणार नाही असं वाटतं. (नवरा तयार आहे, हीसुद्धा बातमीच.)

काचेवर आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावलंय का कुणी? घरमालक कटकट्या आहे, डाग राहायला नकोत.

पहाटे जाग आलीच तर स्वयंपाकघरात पडदे बंद ठेवून, मंद पिवळ्या दिव्यात त्यांनी चहा घेतला तर चालेल का? की तेवढ्यानेही घड्याळ अलीकडेच राहील? आणि "आई, सहापर्यंत खिडकी उघडू नका" हे सांगायचं कसं, तेही सुचवा.

मेलाटोनिनच्या (झोपेच्या संप्रेरकाच्या) गोळ्या कृपया सुचवू नका. आईंना बीपीची गोळी चालू आहे, ते डॉक्टरांनाच विचारू. नॉर्वे, फिनलंडकडच्या मंडळींनी आवर्जून लिहा, तुमच्याकडे तर याहून कठीण असेल.