मदत हवी आहे: सेमिनारसाठी लिनक्सची जुनी हिस्टरी

राजेहो, दारव्ह्याकडच्या खेड्यातून सॉफ्टवेअर इव्होल्यूशनवर पीएचडी करून राहिलो, अन आता रिसर्चवाल्या पोरांच्या सेमिनारमध्ये बोलायचं आहे. वापरातलं सॉफ्टवेअर बदलत राहते अन मुद्दाम आवरलं नाही तर गुंता वाढतच जाते, हे सॉफ्टवेअर संशोधक लेहमनचे १९७४ चे नियम, मले ते लिनक्स कर्नलवर (लिनक्स सिस्टीमच्या गाभ्यावर) दाखवायचे आहेत, विषय लय आवडीचा आहे. पण मेन गिट रेपोची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्याची) हिस्टरी एप्रिल २००५ पासूनचीच, त्याच्या आधीची कशी जोडता? दुसरं, इथं लाइन गेली की टॉवरबी जाते, क्लोन (रेपोची पूर्ण कॉपी उतरवणं) अर्ध्यात तुटते अन पुन्हा पहिल्यापासून. ब्लॉब (फाइलींमधला मजकूर) वगळून क्लोन केलं तर कमिटच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) तारखा भेटतील, पण वाढलेल्या ओळी मोजाले नेट लागनच ना? कोणी केलं असन तर सांगा जी.