केळफुलावरची वटवाघळं: बीम तुटतो, फ्लॅश पडतो, तरी फ्रेम रिकामी

जांबोटीकर
परसातल्या केळीला फूल लोंबतंय, जमिनीपासून पाचेक फुटांवर. दिवेलागणीनंतर लहान फळखाऊ वटवाघळं, सिनोप्टेरस जातीची, मधासाठी येतात. मांडणी अशी: एपीएस-सी (छोट्या सेन्सरचा) डीएसएलआर, ५० मिमी लेन्स, फुलापासून १.२ मीटर, शटर १/२००. आयआर एलईडी (डोळ्याला न दिसणारा उजेड) आणि तो पकडणारा रिसीव्हर टीएसओपी १७३८ यांच्यातला एक बीम, आरडुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), तिथून ऑप्टोकपलरनं (दोन सर्किटं वेगळी ठेवणारा, उजेडावर चालणारा स्विच) कॅमेऱ्याच्या रिमोट सॉकेटला. दोन फ्लॅश कॅमेऱ्याबरोबर पडतात, एक १/४ पॉवरवर, एक १/१६ वर.

बहुतेक फ्रेममध्ये नुसतं केळफूल, नाहीतर कडेला पंखाचं टोक. जे सापडतंय त्याच्या पंखाला धूसर सावली. त्यात बीम थोड्या वेळानं समोर काही नसताना तुटलेला दाखवतोय. मिररलेस (बिनआरशाचा) कॅमेरा घेतला तर सुटेल काय ओ हे?

रातपाखरू
मिररलेसचे पैसे राहू देत, दुखणं कॅमेऱ्याच्या उशिराचं आहे. बीम तुटल्यावर आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत डीएसएलआरला ५० ते १०० मिलिसेकंद लागतात. वटवाघूळ सेकंदाला ५ मीटरनं आलं तर तेवढ्यात २५ ते ५० सेंटिमीटर पुढं गेलं. तुमची चौकट मोजा: ५० मिमीला १.२ मीटरवर जेमतेम ५४ बाय ३६ सेंमी. म्हणजे पाखरू निघून गेल्यावर तुम्ही दार उघडताय.

दार आधीच उघडं ठेवा. कॅमेरा बल्ब सेटिंगवर (सांगू तितका वेळ शटर उघडं राहतं ते), अंधारात शटर उघडं, आणि बीमनं थेट फ्लॅश उडवायचा. फ्लॅशला मिलिसेकंदही लागत नाही. नॅनोचा क्रम असा: शटर उघड, १५ सेकंदांपर्यंत वाट बघ, बीम तुटला की फ्लॅश, ५० मिलिसेकंदांनी शटर बंद, सेकंदभर थांबून पुन्हा उघड. १५ सेकंदांत काही आलं नाही तरी बंद करून नव्यानं उघड. एका उघडीपात एकदाच फ्लॅश, नाहीतर एकाच फोटोत दोन वटवाघळं, एकातून दुसरं आरपार दिसणारं. मेनूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा. ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तितकाच वेळ काळी फ्रेम काढत बसतो आणि नेमकी तेव्हाच वटवाघळं येतात.

धूसर सावली त्या १/४ वाल्या फ्लॅशची. स्पीडलाइटमध्ये (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश) पॉवर कमी करणं म्हणजे उजेडाचा झोत मध्येच तोडणं. चांगल्या कंपनीच्या फ्लॅशला १/४ वर साधारण १/२७०० सेकंद, १/१६ वर १/११००० आणि १/३२ वर १/१८००० च्या आसपास. पंखाचं टोक सेकंदाला ८ मीटरनं हललं तर १/४ वर ३ मिमी फराटा, १/३२ वर अर्धा मिमीसुद्धा नाही. म्हणून सगळे फ्लॅश १/३२ वर. उजेड कमी-जास्त करायचा तो फ्लॅश पुढं-मागं सरकवून, पॉवर वाढवून नव्हे. हाय-स्पीड सिंक (त्यात झोत लांबतो) आणि टीटीएल (त्यात पॉवर कॅमेरा ठरवतो) दोन्ही बंद. स्टुडिओचे जुने मोठे फ्लॅश, म्हणजे मोनोलाइट, इथं उपयोगाचे नाहीत, त्यातल्या बऱ्याचशांत पॉवर कमी केली की झोत उलट लांबतो.

हिशेब: गाईड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, मीटरमधल्या अंतरानं भागला की एफ-नंबर मिळतो) ३६ असेल तर १/३२ ला ५.६६ नं, म्हणजे ३२ च्या वर्गमुळानं भागा, ६.४ आला. आयएसओ ४०० ला दुप्पट, १२.७. फ्लॅश १.१ मीटरवर ठेवला की एफ/११ बरोबर बसतो.

आणि ५० मिमी सोडा. सिनोप्टेरसचे पसरलेले पंख अर्ध्या मीटरच्या घरात जातात. ३५ मिमीला तेवढ्याच अंतरावर ७८ बाय ५२ सेंमीची चौकट मिळते, एफ/११ ला अर्धा मीटर खोली फोकसमध्ये राहते. नंतर कापून घ्या की, पिक्सल कुठं कमी आहेत.

सोल्डरगन
रातपाखरूंच्या म्हणण्यात भर एवढीच की मिररलेस घेतलाच तर पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर जाऊ नका. बहुतेक बॉडीत त्यावर फ्लॅश पडतच नाही.

आता बीम. टीएसओपी १७३८ टीव्हीच्या रिमोटसाठी आहे. सलग ३८ किलोहर्ट्झ आला की तो त्याला गोंगाट समजून गेन (स्वतःची संवेदनशीलता) उतरवतो, म्हणून तुमचा बीम आपोआप तुटतोय. टीएसएसपी ४०३८ लावा, तो सलग बीमसाठीच आहे. एलईडीला ५ व्होल्टवर २२० ओहम पुरे. करंट वाढवला की उजेड भिंतीवरून, केळीच्या पानावरून परतून रिसीव्हरला लागतो आणि वटवाघूळ मध्ये आलं तरी बीम तुटत नाही. रिसीव्हर काळ्या नळीत पाच-सहा सेंमी आत बसवा. परसात सीएफएल असेल तर विझवा, त्याचा चोक रिसीव्हरला भरकटवतो.

एक बीम पतंगही तोडतो. दोन बीम फुलीसारखे लावा, दोन्ही एकदम तुटले तरच फ्लॅश. फुलीच्या जागी दोऱ्यानं वर्तमानपत्राचा चिटोरा टांगा, लाइव्ह व्ह्यूत मोठा करून हातानं फोकस करा, रिंगला चिकटपट्टी लावा.

फ्लॅशच्या बाजूला ऑप्टोकपलर बघून वापरा. पीसी ८१७ फार तर ३५ व्होल्ट सोसतो, नव्या फ्लॅशला चालतो. जुन्या फ्लॅशच्या पायावर दोनशेच्या वर व्होल्ट असू शकतात, आधी मल्टिमीटर लावा. तसा असला तर जास्त व्होल्ट सोसणारा एमओसी ३०२१. फ्लॅशचा स्टँडबाय बंद, नाहीतर नऊ वाजता तो झोपलेला असतो आणि तुम्ही सर्किट उकलत बसता.

पडवीतला
जागेचं राहिलं. केळफुलाचं एक तांबडं पातं सांजेला उचलतं, त्याखालच्या ताज्या फुलांत मध असतो. दुसऱ्या दिवशी दुसरं पातं, आणि दांडा तेवढा खाली उतरलेला. त्यामुळं कालची फुली आज दोन-चार बोटं चुकते. रोज उजेड असतानाच बीम नव्यानं लावा, उचललेल्या पात्याच्या समोर वीतभर.

स्टँड दोन रात्री नुसतेच उभे ठेवा, फ्लॅश न लावता. नवी काठी दिसली की पहिल्या रात्री ती वळसा घालून जातात. दोन फ्लॅश पुढून वरच्या अंगानं, लेन्सपासून लांब, म्हणजे डोळे लाल होत नाहीत. तिसरा असेल तर मागून, पंखाच्या पडद्यातली बोटांची हाडं आणि शिरा उजळतात. पौर्णिमेच्या आसपास शटर १५ ऐवजी ८ सेकंद उघडं, नाहीतर मागची पानं पंखातून डोकावतात. ऑक्टोबरात जांबोटी भागात दव पडतं, लेन्सला हूड लावा आणि रिसीव्हरची नळी मधून मधून पुसा.

कणकुंबी_घाट
हेच सेटिंग घेऊन बारापेडे गुहेच्या तोंडाशी बसलं तर?

पडवीतला
नको. ती गुहा भीमगड अभयारण्यात आहे, वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. १९१३ साली रॉटनचं वटवाघूळ प्रथम नोंदलं गेलं ते तिथलंच, पुढं मेघालय आणि कंबोडियात सापडलं तरी जगात ठिकाणं मोजकीच. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वस्तीच्या तोंडाशी फ्लॅश म्हणजे पिलं अंगाला चिकटलेल्या माद्या बिथरणार. फुलावर आलेलं एखाद-दुसरं दचकलं तर परत येतं. तरी तिथंही रात्रीला पंधरा-वीस फ्लॅश झाले की आवरा. उष्टी फळं, विष्ठा उघड्या हातानं आवरू नका.

जांबोटीकर
क्रम बदलून घेतो. टीएसएसपी ४०३८ इथल्या दुकानांत नाही, मागवायला आठवडा. तोवर फूल संपेल. १७३८ वर भागवता येईल काय?

सोल्डरगन
येईल. बीम सलग न देता तुकड्यांत द्या: ३८ किलोहर्ट्झचे २० ठोके, म्हणजे अर्धा मिलिसेकंद, मग दीड मिलिसेकंद गप्प. नॅनोला सांगा, तीन मिलिसेकंद एकही तुकडा आला नाही तर बीम तुटला. तेवढ्यात वटवाघूळ दीड सेंमी सरकतं, ३५ मिमीच्या चौकटीत ते कळतही नाही. दोन बीम असतील तर दोन्ही एलईडी एकाच पिनवरून नकोत, आळीपाळीनं पेटवा, नाहीतर एकाचा उजेड दुसऱ्याच्या नळीत जातो.